पेन्सिलीच्या आकड्यांवर शाई

एका फेब्रुवारीतल्या मंगळवारी, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान, गंगापूरच्या बाजूला एका नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडायच्या जागी, चोवीस वर्षांची विवाहित बाई पाण्यात बुडून मरण पावली. त्या वेळी उतारावर पाणी घोट्याएवढे होते, असे वरच्या बंधाऱ्यावरची नोंदवही सांगत होती. पाणी छातीला लागले, असे तिच्याबरोबर असलेली सासू सांगत होती. नोकरीत पाहिलेली बरीचशी प्रेते आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मिसळलेले नाही.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. खबर साडेबाराला आली. गावच्या पोलीस पाटलाने माणूस पाठवला होता. स्टेशन डायरीला नोंद करून, ठाण्याचे कागद लिहिणारा रायटर हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी निघालो. पोहोचायला दोन वाजले. लग्नाला सात वर्षे झालेली नव्हती, म्हणून इन्क्वेस्टसाठी, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या चौकशीसाठी, तहसीलदारांना निरोप द्यावा लागला. ते येईपर्यंत साडेतीन झाले.

प्रेत उताराच्या अलीकडच्या वाळूवर होते. कपाळाला डाव्या बाजूला जखम. सासू शेजारी बसलेली, वय साठीच्या आत-बाहेर. तिचे लुगडे छातीपर्यंत भिजून अंगावरच अर्धे वाळले होते. आजूबाजूला पन्नासेक माणसे. सगळा काठ पायांनी तुडवलेला. नदी शांत होती. मी स्वतः बूट न काढता, पाच दगडांवर पाय देत पलीकडे जाऊन आलो.

काठाच्या मातीवर पाण्याची वरची रेघ उमटली होती का, हे मी पाहिले नाही. त्या दिवशी ती रेघ असली तर उन्हाने संध्याकाळपर्यंत वाळून गेली असणार. पंचनाम्यात मी झाडे लिहिली, दगड लिहिले, उताराची रुंदी पावलांनी मोजून लिहिली, एक विळा आणि चिंधीत बांधलेल्या दोन भाकरी लिहिल्या. ओल लिहिली नाही.

सासूचे म्हणणे त्या दिवशीही साधे होते आणि नंतरही बदलले नाही. दोघी पलीकडच्या शेतात ज्वारी काढायला निघाल्या होत्या. सून पुढे होती. सासू काठावर चपला हातात घेत होती. तेवढ्यात वरून पाणी आले. सून मधोमध होती, ती पडली, वाहत खाली गेली. सासू काठाकाठाने धावली, बाभळीच्या मुळांत अडकलेली सून तिने पाण्यात शिरून ओढली आणि फरफटत उतारापर्यंत आणली.

"इथपर्यंत कशाला आणलीस?" मी विचारले.

"रस्त्याला मानसं येतेत ना साहेब. खाली कोन येतंय?"

त्याच रात्री मृत बाईचा भाऊ ठाण्यात आला. बरोबर सात-आठ माणसे. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी त्याचे जास्त ऐकले. मृत बाईचा नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता, तिथेच खोली घेऊन राहायचा. तिला त्याच्याजवळ जायचे होते. सासू सोडत नव्हती. यावरून पंधरा दिवसांपूर्वी भावकीसमोर बसवून बोलणे झाले होते आणि सासूने सगळ्यांदेखत म्हटले होते, "माज्या जित्तेपनी ही घर सोडून जायची नाय."

"आता गेली ना," भाऊ म्हणाला. "घोट्याएवढ्या पान्यात गेली. तुमी सोता बुटावर नदी वलांडली, समद्या गावानं बघितलं."

ते खरे होते. मी सगळ्या गावासमोर बुटावर नदी ओलांडली होती.

उताराच्या वर, तीनेक किलोमीटरवर, एका खासगी कंपनीचा लहान जलविद्युत प्रकल्प होता. आडवा बंधारा, एक मशीन, कर्मचाऱ्यांच्या चार खोल्या. असा प्रकल्प चालवायचा परवाना मिळतो तेव्हा त्याच्याबरोबर अटी येतात. नदीत खाली कायम थोडे पाणी सोडलेच पाहिजे. पाणी एकदम वाढवायचे किंवा तोडायचे नाही. जास्त सोडायचे असेल तर भोंगा वाजवून खालच्या गावांना कळवायचे. आणि हे सगळे पाळले जाते याचा पुरावा म्हणून बंधाऱ्याखाली मोजपट्टी बसवून पाण्याची पातळी दिवसभर दर तासाला नोंदवहीत लिहायची, महिन्याला प्रत खात्याकडे पाठवायची. हे मला त्या आठवड्यात समजले. त्याआधी त्या रस्त्याने मी अनेकदा गेलो होतो आणि काठावरचा मोजपट्टीचा तो लोखंडी खांब मला कुंपणाचा वाटला होता.

बुधवारी मी प्रकल्पावर गेलो. तिथला अभियंता चाळिशीचा, नीटनेटका माणूस. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, न मागता नोंदवही पुढे ठेवली. मंगळवारचे पान निळ्या शाईत होते. दहा वाजता तीस सेंटिमीटर. अकरा वाजता तीस. बारा वाजता तीस. एकही खाडाखोड नाही, प्रत्येक ओळीला सही.

"तीस म्हणजे उतारावर किती?"

"घोटा बुडतो, इतकंच. मशीन तर आमचं गेले नऊ दिवस बंदच आहे. बेअरिंग गेलंय. तुम्ही सबस्टेशनला विचारा, एक युनिट गेलेलं नाही आमच्याकडून."

मी विचारले. खरोखरच नऊ दिवस वीज गेलेली नव्हती. गेट चालवणाऱ्या माणसाने सांगितले की गेटला हात लागलेला नाही. नोंद ठेवणाऱ्या गेज रीडरने सांगितले, "नोंदीत आहे तेच." तो बोलताना माझ्याकडे नव्हे, वहीकडे पाहत होता. नोकरीत नवा असतो तर मी हे टिपून ठेवले असते. जुना असल्यामुळे, साध्या माणसाला पोलिसांची भीती वाटते, असे म्हणून सोडून दिले.

शवविच्छेदनाचा अहवाल आला. मृत्यू बुडून. कपाळाची जखम मृत्यूपूर्वीची, बोथट वस्तूची किंवा दगडावर आपटल्याने. मी गुन्हा दाखल केला आणि सासूला अटक केली. सूत्र सरळ होते. घोट्याएवढ्या पाण्यात तरणी बाई आपोआप बुडत नाही, तिला दाबून धरावे लागते. दाबून धरणाऱ्याला पाण्यात बसावे लागते. सासूचे लुगडे छातीपर्यंत भिजलेले होते.

पोलीस कोठडीचे पाच दिवस मिळाले. रोज सकाळी हजेरी झाल्यावर, महिला शिपायाला बसवून, मी तिची चौकशी केली. खोटे बोलणारा माणूस आपली हकीकत रोज थोडी दुरुस्त करतो. पोलिसांनी काल जिथे बोट ठेवले, तिथे आज ठिगळ लावून आणतो. या बाईने पाच दिवसांत एकही ठिगळ लावले नाही. भाकरी दोन होत्या, तर दोनच सांगितल्या. भांडण झाले होते का, तर झाले होते. हात उगारला होता का, तर एकदा उगारला होता. पाणी आले होते का, तर आले होते.

"किती वेळ होतं पाणी?"

"म्या काय घड्याळ लावून बसले व्हते का? पोरगी हाताला लागली तवा छातीला व्हतं. उताराला आनली तवा कमी झालं व्हतं."

"नोंदीत नाही आजी. सरकारात दाखवायची वही आहे. तासातासाला लिहिलेली."

तिने आधी महिला शिपायाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मग मी काय बोलू? तुमी म्हनता पानी नाय आलं. तुमची वही बी म्हनती नाय आलं. घोट्याएवढ्या पान्यात मानूस मरत नाय, हे मला बी कळतंय."

हे वाक्य मी केस डायरीत लिहिले आणि शेजारी लिहिले, 'आरोपी निरुत्तर'.

तिचा मुलगा एकदाच आला. कारखान्याचा निळा सदरा अंगावर, हातात डबा. आईला डबा देऊन तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बसायला सांगितले तरी बसला नाही.

"साहेब, मला एकच सांगा. आईनं मारलं का?"

"तपास चालू आहे."

"तपास तुमचा असंल. मला बायको बी गेली, आई बी गेली. निदान एक कशानं गेली ते तरी कळू द्या. माझ्या आईसंगं मी परत जेवायचं का नाय, एवढंच कळू द्या."

मी त्याला सांगितले की कागद आईच्या विरुद्ध आहेत. तो डबा परत न्यायला थांबला नाही.

तीन आठवडे गेले. सासू न्यायालयीन कोठडीत होती. एका सकाळी बीट जमादार बाजारातली खबर घेऊन आला. हा जमादार दर बाजाराला न चुकता एकाच न्हाव्याकडे दाढी करायचा आणि सरकारी कामात धरायचा.

"साहेब, दाढीला बसलो व्हतो. न्हावी म्हनला, तो पट्टीवाला हाय ना प्रकल्पावरला, तो तीन आठवडे झाले दाढीला आला नाय. दर शनिवारी येनारा मानूस."

"मग?"

"परवा रस्त्यात दिसला तर न्हाव्यानं इचारलं, सुतक बितक हाय का? तर म्हनला, हाय. म्हातारी आत गेली माझ्यामुळं."

मी गेज रीडरला ठाण्यात बोलावले नाही. जमादाराला घेऊन त्याच्या घरी गेलो. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. पूर्वी पाटबंधाऱ्याच्या कामावर पंधरा वर्षे रोजंदारीने पट्टी वाचत होता. तिथले काम संपल्यावर ठेकेदारामार्फत या प्रकल्पावर लागला होता. घरात बायको आणि लग्नाला आलेली मुलगी. त्याने अंगणात घोंगडी टाकली.

"मंगळवारी अकरा वाजता पाणी किती होतं?"

"नोंदीत तीस हाय."

"नोंदीत काय आहे ते मी वाचलंय. पाणी किती होतं?"

"साहेब, आजवर मला पानी कोनी इचारलं नाय. समदे नोंदच इचारतेत."

"मी विचारतोय."

त्याने जमादाराकडे पाहिले. जमादार म्हणाला, "बोल की बाबा. दाढी वाढवून सुटका व्हतीय का?"

तो उठून आत गेला आणि एक छोटी, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आला. पाने घामाने आणि पाण्याने फुगलेली. आत पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तारीख, वेळ आणि आकडा. मंगळवारचे पान त्याने स्वतः काढून दिले. दहा वाजता तीस. अकरा वाजता एकशे बेचाळीस. बारा वाजता अडतीस.

मग त्याने कामाची पद्धत सांगितली. पाटबंधाऱ्यात त्याला ज्या जुन्या मिस्त्रीने शिकवले, त्याचा नियम होता की पट्टीसमोर उभे राहून जे दिसेल ते आधी खिशातल्या वहीत लिहायचे, आणि पेन्सिलीनेच लिहायचे. पावसात शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. मग खोलीवर जाऊन मोठ्या वहीत शाईने उतरवायचे. प्रकल्पावर आल्यावर यात मध्ये एक पायरी वाढली. खिशातल्या वहीत लिहून झाले की प्रकल्पाच्या ऑफिसला फोन करायचा. पलीकडून जो आकडा सांगतील तो मोठ्या वहीत चढवायचा. बहुतेक वेळा दोन्ही सारखेच असत. परवान्याच्या अटीत बसत नसेल तेव्हा वेगळा असे.

"मंगळवारी म्या फोन केला, एकशे बेचाळीस हाय म्हनून. पलीकडून म्हनले, जाळीला कचरा बसलाय, तपासनीला मानसं येनार हायती, गाळाचं गेट उघडलंय अर्धा तास. तीस लिवा."

"भोंगा?"

"भोंगा दिवाळीपासून जळालेला हाय."

"खाली उताराला माणसं असतील, असं वाटलं नाही?"

"वाटलं साहेब. फोनवर म्हनलो बी. म्हनले, अर्ध्या तासात कोन मरतंय."

गेट उघडले होते, पण मशीनमधून पाणी गेले नव्हते, म्हणून सबस्टेशनला काही दिसले नव्हते. जे झाले ते फक्त पट्टीवर दिसले, आणि पट्टी फक्त या माणसाने पाहिली होती.

मी पंच बोलावून वही जप्त केली. पंचनाम्यावर त्याने सही केली. त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता ठेकेदार कामावरून काढील." तो म्हणाला, "काढू दे. म्हातारी सुटंल."

आता मी केलेली गोष्ट सांगतो.

वही ठाण्यात आणली. आकडे फिकट होते. अकराच्या ओळीवर अंगठ्याचा घाम लागून पेन्सिल पुसट झाली होती. त्या वेळी झेरॉक्स गंगापूरला करून आणावी लागायची. रायटरने सात पाने करून आणली, ती जवळजवळ कोरी निघाली. वकील मंडळींना प्रती द्यायच्या, न्यायालयात ठेवायची, वरिष्ठांना पाठवायची. आमच्या खात्यात पेन्सिलीने लिहिलेल्या कागदाला कागद म्हणत नाहीत. शिकाऊ असताना पेन्सिलीतला जबाब पुढे केला म्हणून माझ्या ठाणेदाराने तो माझ्या तोंडावर फाडला होता. तेव्हापासून माझ्या हाताखाली पेन्सिल वापरली जात नसे.

रायटर म्हणाला, "साहेब, आकड्यांवरून जरा पेन फिरवू का? वाचता येईल."

मी हो म्हणालो. गेज रीडर जबाबासाठी तिथेच बाकावर बसला होता. त्याच्यादेखत करा, असे मी मुद्दाम सांगितले, कारण ते मला पारदर्शक वाटले. रायटरचे अक्षर ठाण्यात सगळ्यात सुंदर. त्याने सात पानांवरचा प्रत्येक आकडा काळ्या शाईने गिरवला. गेज रीडर वाकून पाहत होता.

"साहेब, शाई नको," तो म्हणाला. "पसरते."

मी त्याला म्हणालो, "ही आता ठाण्यात राहणार आहे, पावसात नाही."

रायटरने शेवटच्या पानाखाली लिहिले, 'मूळ आकड्यांवरून स्पष्टतेसाठी गिरवले. खाडाखोड नाही.' खाली मी सही केली. झेरॉक्स उत्तम आल्या.

दुसऱ्या दिवशी मी उपअधीक्षकांकडे गेलो. सासूविरुद्ध पुरावा उरत नाही, तिला सोडण्याचा अहवाल न्यायालयात द्यावा आणि प्रकल्पाविरुद्ध निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा घ्यावा, अशी टिपणी मी लिहून नेली होती. त्यांनी टिपणी वाचली, मान हलवली, मग वही उघडली. अकराच्या ओळीवर बोट ठेवले.

"हे कोणी लिहिलं?"

"आकडा त्याचाच आहे सर. शाई आमची."

त्यांनी वही मिटली. ते रागावले नाहीत. "आता हा आकडा त्याचा राहिला नाही," ते म्हणाले. "तुमचा झाला."

वही हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवली. अहवाल यायला दोन महिने लागले. शाईखाली पेन्सिलीच्या खुणा आहेत, परंतु वरून गिरवल्यामुळे मूळ आकडे निश्चितपणे वाचता येत नाहीत, असे त्यात होते. दरम्यान खालच्या गावातल्या दोघांनी नदीला पाणी वाढलेले पाहिल्याचे सांगितले होते. तो मंगळवार होता की सोमवार, हे ते ठामपणे सांगू शकले नाहीत. अभियंत्याने लेखी कळवले की मोठी वही हीच परवान्याप्रमाणे ठेवलेली अधिकृत नोंद आहे, ती गेज रीडरच्याच हस्ताक्षरात व सहीने आहे, आणि खासगी वह्यांशी प्रकल्पाचा संबंध नाही. मृत बाईच्या भावाने वरिष्ठांकडे अर्ज दिला की ठाणे अंमलदारापासून निरीक्षकापर्यंत सगळे आरोपीला मिळाले असून खोटी वही तयार केली आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच अर्ज दिला असता. तो पुराव्यासकट बोलत होता. शाई आमची होती.

माझी बदली शहरात छावणीच्या ठाण्याला झाली. दोषारोपपत्राची नव्वद दिवसांची मुदत भरत आली होती. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने सासूविरुद्ध दोषारोपपत्र पाठवले. मी त्याला दोष देत नाही. त्याच्यासमोर निळ्या शाईतली स्वच्छ नोंदवही होती आणि काळ्या शाईत गिरवलेली फुगलेली वही होती.

गेज रीडरला ठेकेदाराने जप्तीनंतरच्या आठवड्यातच काढले. त्याच्या जागी दुसरा माणूस आला आणि नोंदींत एका तासाचाही खंड पडला नाही. खात्याच्या तपासणीत त्या तिमाहीच्या नोंदी पूर्ण व सुवाच्य असल्याचा शेरा आहे. त्या शेऱ्याची प्रत मी पाहिली आहे.

खटला सत्र न्यायालयात दीड वर्षाने उभा राहिला. आरोपीला सरकारकडून मोफत वकील मिळाला होता. त्याने गेज रीडरला बचावाचा साक्षीदार म्हणून आणले. माझी साक्ष आधीच्या तारखेला झाली होती, तरी मी त्या दिवशी रजा टाकून मागच्या बाकावर बसलो. त्याने दाढी केलेली होती आणि धुतलेला सदरा घातला होता. सरकारी वकिलांनी घेतलेली उलटतपासणी छोटी झाली.

"मोठ्या वहीतलं अक्षर तुमचं?"

"व्हय."

"सही तुमची?"

"व्हय."

"म्हणजे तुम्ही रोज खोटं लिहीत होता?"

"रोज नाय. फोनवर जसं सांगतील तसं."

"पण लिहीत होता."

"व्हय."

"मग आज इथं खरं बोलताय, हे कशावरून?"

"आज फोन नाय आला," तो म्हणाला.

कोर्टात दोघे-तिघे हसले. न्यायाधीशांनी वर पाहिले आणि हसणे थांबले. मग सरकारी वकिलांनी त्याच्या हातात वही दिली.

"अकरा वाजताचा आकडा वाचा."

"एकशे बेचाळीस."

"हे अक्षर तुमचं?"

त्याने वही डोळ्यांजवळ नेली. शाई त्या पानावर थोडी पसरलेली होती, कारण पान आधीच घामाने मऊ झालेले होते. त्याने खूप वेळ पाहिले. मला वाटले, हो म्हणेल. हो म्हटले असते तर खोटे ठरले नसते, शाईखालची पेन्सिल त्याचीच होती.

"अक्षर माझं नाय," तो म्हणाला. "आकडा माझा हाय."

"अक्षर कोणाचं?"

"पोलिसांचं."

सरकारी वकिलांनी वही परत घेतली आणि ते खाली बसले.

सासूचा जबाब न्यायाधीशांनी घेतला तेव्हा ती एवढेच म्हणाली की पाणी आले होते. निकालपत्रात याबद्दल दोन परिच्छेद आहेत. आरोपी घटनेच्या वेळी मृत बाईबरोबर एकटीच होती. दोघींत वाद होता. घटनास्थळी पाणी अत्यल्प असल्याचे अधिकृत नोंदीवरून सिद्ध होते. बचावाने आधार घेतलेली वही तपास यंत्रणेने स्वतः बदललेली असल्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही. आरोपीने दिलेले स्पष्टीकरण खोटे ठरत असून ती पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी आहे. जन्मठेप.

निकालानंतर व्हरांड्यात तिचा मुलगा भेटला. तो ओळखू येत नव्हता, इतका दारूने सुजला होता. मी त्याला बाजूला घेतले आणि सांगितले की तुझ्या आईने मारलेले नाही, पाणी आले होते, मला माहीत आहे.

"तुमालाच माहीत हाय का साहेब?"

"मला खात्री आहे."

"आदी बी तुमाला खात्रीच व्हती," तो म्हणाला. "मला बोलला व्हता की, कागद आईच्या इरुद्ध हायती म्हनून."

मी म्हणालो, तेव्हा मी चुकलो होतो.

"मग आता चुकत नाय कशावरून?" त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता जिना उतरून गेला.

या केसने मला शिकवलेली गोष्ट थोडी आहे. अधिकारी कागदावर विश्वास ठेवतो, कारण माणूस बदलतो आणि कागद बदलत नाही असे त्याला शिकवलेले असते. मला मिळालेल्या दोन कागदांपैकी एक लिहितानाच बदललेला होता आणि दुसरा मी बदलला. मध्ये एक बाई होती, जी पाच दिवसांत एकदाही बदलली नाही, आणि तिच्यासमोर मी 'निरुत्तर' लिहिले. त्यानंतरच्या नोकरीत मी जप्त केलेल्या कागदावर पेन टेकवू दिले नाही. त्याचा उपयोग इतर केसेसना झाला असेल.

अपील खंडपीठात दाखल झाले. जामीन नाकारला गेला. अपिलाच्या कागदांत जोडण्यासाठी मी प्रतिज्ञापत्र दिले. त्यात वही जप्त करताना आकडे पेन्सिलीत होते, अकराच्या ओळीत एकशे बेचाळीस होते आणि ते माझ्या आदेशाने गिरवले गेले, एवढे लिहिले. खात्याने त्याबद्दल माझा खुलासा मागवला, मी दिला, मला सक्त ताकीद मिळाली. प्रतिज्ञापत्र अंतिम सुनावणीच्या वेळी विचारात घेतले जाईल, असा आदेश झाला.

गेज रीडरने मुलीचे लग्न केल्यावर गाव सोडले. जालन्याकडे कुठल्या तरी शेतावर राखणीला असल्याचे जमादाराने सांगितले होते. मी दोनदा शोध घेतला. तो सापडला नाही.

अंतिम सुनावणीची तारीख चार वर्षे लागलीच नाही. पाचव्या वर्षी, उन्हाळ्यात, सासूचा कारागृहाच्या दवाखान्यातून सरकारी रुग्णालयात नेल्यावर मृत्यू झाला. कारण हृदयविकार. मुलाला स्थानिक ठाण्यामार्फत दोनदा निरोप देण्यात आला. निरोप मिळाल्याची सही त्याने दोन्ही वेळा केली. तो आला नाही. तिसऱ्या दिवशी कारागृह प्रशासनाने अंत्यसंस्कार केले. पुढच्या तारखेला, अपीलकर्ती मयत झाल्याचे नमूद करून अपील निकाली काढण्यात आले.